ओझे आसाच्या पुढे की मागे?

काही वर्षांपूर्वी क्षेत्रकामासाठी आम्ही एक जड डिझेल जनित्र दोनचाकी ट्रेलरवर चढवून जीपमागे नेत होतो. मुक्कामी उतरवायला सोपे पडावे म्हणून ते ट्रेलरच्या मागच्या फळीशीच ठेवले होते. सपाट रस्त्यावर काहीच जाणवले नाही. उतार लागला, वेग वाढला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. दर हेलकाव्याबरोबर जीपचा मागचा भागही सरकत होता. चालकाने जोरात ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून त्याने स्टिअरिंग सरळ धरून ठेवले. वेग उतरला तसे हेलकावे थांबले. गाडी कडेला घेऊन आम्ही जनित्र पहारीने रेटत दीड हात पुढे सरकवले आणि साखळ्यांनी आवळले. उरलेला प्रवास त्याच जीपने, त्याच ओझ्यासह सुरळीत झाला.

दीड हाताने असे काय बदलले? याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तरफेत आहे.

दोनचाकी ट्रेलर ही एक तरफच असते आणि तिचा आस हा टेकू. समजा, ओझ्यासह ट्रेलरचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे आणि आसापासून जीपचा हूक ३ मीटर पुढे आहे. एकत्रित गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर १२०० × ०.३ ÷ ३, म्हणजे १२० किलोग्रॅमचा भार खाली पडतो. तोच गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर तेवढ्याच जोराने हूक वर उचलला जातो. मग जीपची मागची चाके हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड सुटू लागते.

दुसरी गोष्ट हेलकाव्यांची. ट्रेलर हुकाभोवती लंबकासारखा झुलू शकतो. त्याला सरळ आणण्याचे काम त्याच्या टायरचे घर्षण करते. वजन जितके मागे, तितके झुलणाऱ्या भागाचे जडत्व अधिक आणि टायरचे काम तितके अवघड. शिवाय वेग वाढला की हेलकावा शमवण्याची टायरची क्षमता घटते. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. म्हणून अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे घातक ठरते.

मग सगळे ओझे अगदी पुढे ठेवावे काय? तेही नको. हुकावर फार भार आला तर जीपचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. जड ट्रॉली ओढताना चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, त्यामागेही तरफेचाच नियम आहे. सर्वसाधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा. मात्र वाहन व हूक यांना ठरवून दिलेली मर्यादा ओलांडू नये. ट्रेलर जोडण्यापूर्वी त्याच्या पुढच्या टोकाखाली वजनकाटा ठेवून हा भार मोजता येतो.

आता थांबण्याचा विचार करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी १२०० किलोग्रॅमची जीप चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते असे धरू. मागे तेवढ्याच वस्तुमानाचा, ब्रेक नसलेला ट्रेलर जोडला की गतिज ऊर्जा दुप्पट होते, पण थांबवणारी चाके तेवढीच राहतात. अंतर सुमारे ४० मीटर होते. वळणावर तर ट्रेलर जीपला मागून तिरपे ढकलतो आणि दोन्ही वाहने अडकित्त्यासारखी मिटू शकतात. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

वर्गात हे करून पाहा. पुठ्ठ्याची दोनचाकी गाडी काडीने खेळण्यातल्या मोटारीला सैल जोडा. मोटार दोऱ्याने ओढत व्हरांड्यातून भरभर चाला आणि गाडीला बाजूने हलकासा धक्का द्या. नाणी एकदा चाकांच्या पुढे ठेवा, एकदा मागे. दोन्ही वेळा हेलकावे किती टिकतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा, मागचे दिवे, हुकाची खीळ आणि हूक निसटल्यास ट्रेलरला धरून ठेवणारी जादा साखळी तपासावी. ओझे घसरणार नाही असे बांधावे, कारण ते प्रवासात मागे सरकले की सगळे गणित बदलते. 'एवढे ओझे इंजिन ओढेल का?' हा प्रश्न सगळेच विचारतात. 'ते सरळ राहील का आणि वेळेवर थांबेल का?' हे प्रश्न त्याआधी विचारायला हवेत.