पोप चुकू शकतात, हे कॅथलिकांना मान्य आहे

‘तुमच्यात पोप म्हणेल ते ब्रह्मवाक्य, नाही का?’ ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात आम्हा कॅथलिकांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण उत्तर त्याने आधीच धरून ठेवलेलं असतं. त्याहून वैताग येतो तो आपल्याच धर्मग्रामातली शिकलीसवरलेली माणसं हीच समजूत उराशी बाळगतात तेव्हा.

पोपच्या अचूकतेचा सिद्धांत पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 18 जुलै 1870 रोजी जाहीर केला. त्याच्या अटी कडक आहेत. पोपने सबंध चर्चचा गुरू या नात्याने, त्या पदाचा पूर्ण अधिकार वापरून बोललं पाहिजे. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा. आणि हा निर्णय साऱ्या चर्चने कायमचा मानायचा आहे, हे स्पष्ट हवं. यातली एक अट हुकली तरी सिद्धांत लागू होत नाही. एखादी शिकवण अशी ठरवली गेली आहे हे उघड सिद्ध झाल्याशिवाय तसं समजू नये, असं चर्चच्या कायदासंहितेचं 749वं कलम बजावतं. 1870 नंतर पोपने अशी गंभीर घोषणा केली ती एकदाच : 1 नोव्हेंबर 1950 रोजी, बाराव्या पायस यांनी, मरियेच्या स्वर्गारोहणाविषयी. विमानात पत्रकारांना दिलेली उत्तरं, बिशपांच्या नेमणुका, व्हॅटिकनचा पैशांचा व्यवहार यांतलं काहीही त्यात बसत नाही.

बाकीची शिकवण वाऱ्यावर सोडावी, असा याचा अर्थ नाही. पोपच्या नेहमीच्या शिकवणीलाही कॅथलिकाने मनापासून मान द्यायचा असतो. पण मान देणं वेगळं आणि माणूस चुकूच शकत नाही असं मानणं वेगळं.

पटत नसेल तर चौदाव्या शतकातल्या बाविसाव्या जॉन यांचं प्रकरण पाहा. तेव्हा पोपचं आसन फ्रान्समधल्या आविन्यों शहरात होतं. पुण्यात्म्यांना मृत्यूनंतर लगेच देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, त्यासाठी शेवटच्या न्यायाच्या दिवसाची वाट पाहावी लागते, असं त्यांनी 1331मध्ये सर्व संतांच्या सणाला प्रवचनात सांगितलं. धर्मपंडित खवळले. पॅरिसच्या विद्यापीठातल्या विद्वानांनी पोपचं मत साफ नाकारलं. आपण हे एक अभ्यासक म्हणून बोललो, असा पोपचा खुलासा होता. डिसेंबर 1334मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं आणि 1336मध्ये पुढचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी नेमकी उलट शिकवण अधिकृतपणे जाहीर केली. प्रवचनातलं मत आणि चर्चची बांधील शिकवण यांतला फरक त्या काळच्या लोकांना कळत होता. आपल्याला का कळू नये?

याच गैरसमजाचं धाकटं भावंड गावोगावी भेटतं : फादरना प्रश्न विचारणं म्हणजे पाप. हे ऐकलं की माझा संयम सुटतो. आपल्या ज्ञानानुसार चर्चच्या भल्यासाठी धर्माधिकाऱ्यांपुढे मत मांडणं हा प्रापंचिकांचा हक्क आहे, आणि कधी कधी ते त्यांचं कर्तव्यही ठरतं, असं 212वं कलम म्हणतं. आदर राखायचा, पण गप्प बसायचं नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, हे 537वं कलम आहे. वार्षिक सभेत हिशेब मागणाऱ्याला ‘चर्चविरोधी’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

छोटे गैरसमज बरेच आहेत. कॅथलिक मरियेची देव म्हणून आराधना करत नाहीत. तिला मान देतात, तिची मध्यस्थी मागतात. धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य हा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषही धर्मगुरू होतात. चर्चचं न्यायालय विवाह रद्दबातल ठरवतं तेव्हा ते घटस्फोट देत नसतं, मुळात विवाहच वैध नव्हता असा निर्णय देत असतं.

आणि शेवटचा गैरसमज : ‘आठवडाभर हवं ते करा, शनिवारी कन्फेशन दिलं की पाटी कोरी.’ तसं होत नाही. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय नसेल, तर धर्मगुरूने उच्चारलेल्या क्षमेच्या शब्दांनीही पापक्षमा मिळत नाही. शिवाय झालेलं नुकसान भरून द्यावं लागतं. शेजाऱ्याचा बांध सरकवून दोन हात जमीन बळकावली असेल, तर ती परत करण्याची तयारी हवी. नुसत्या प्रार्थना म्हणून भागत नाही. कुणाची बदनामी केली असेल, तर त्याचं नाव पुन्हा चांगलं व्हावं म्हणून झटावं लागतं, आणि हे जमीन परत करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.