सोपारा ते कळंब, निर्मळमार्गे

होळी आटोपली की वसई पट्ट्यात चालायला फार दिवस उरत नाहीत. सकाळी सात ते साडेदहा एवढाच काय तो सुखाचा वेळ, पुढे ऊन आणि खाऱ्या हवेचा चिकचिकाट. तरी ही वाट चालावी ती याच दिवसांत. आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, कुंपणापलीकडून सोनचाफ्याचा वास येतो आणि ख्रिस्ती घरांमध्ये प्रायश्चित्तकाळात ईस्टरची तयारी सुरू झालेली असते. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला स्तूपापाशी जमायचं, निर्मळमार्गे कळंबचा किनारा गाठायचा आणि तिथे जेवायचं. बेत एवढाच.

स्तूपाला गावात बुरुड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा दगडी पेटीत तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं असे एकात एक करंडक निघाले, भोवती आठ बुद्धमूर्ती. त्याच वर्षी इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली निर्मळशेजारच्या भुईगावात मिळाला. आठव्या लेखाचा विषय मोठा गमतीचा आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रा करत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षापासून धम्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात सांगतो. जेवणावर डोळा ठेवून निघालेल्या आपल्या मंडळींनी तो मनावर न घेतलेलाच बरा.

चक्रेश्वराच्या देवळातली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहून पुढे सरकलं की डांबरी रस्ता सोडावा. निर्मळ रस्त्यावरून दिसत नाही. गाड्यांतून येणारे तळं पाहतात, शंकराचार्यांच्या समाधी मंदिराच्या पायऱ्या चढतात, होली क्रॉस चर्चसमोर फोटो काढतात आणि निर्मळ पाहिलं म्हणून परततात. कार्तिक वद्य एकादशीला सुरू होणाऱ्या जत्रेत तर माणसांशिवाय काही दिसणं कठीण. सुकेळी मात्र तिथे घ्यावीत. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. चिवट, काळपट, जरा मधासारखी. तळलेले वेफर खाऊन वाढलेल्या पोरांना ती आवडत नाहीत, याचा दोष सुकेळ्यांना देऊ नये.

खरं निर्मळ आहे ते वाड्यांत, आणि वाडीचं काळीज बावखल. घराच्या अंगणाएवढा, कुठे त्याहून बराच मोठा खणलेला खड्डा. पावसाचं पाणी साठवणारा आणि तळाच्या झऱ्यांनी भरत राहणारा. काठावर उतरून पाहिलं तर एका बाजूला दगडी बांधकाम सापडतं. तो रहाटाचा ओटा. रेडा गोल फिरायचा, मडक्यांची माळ पाण्यात बुडून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची, आणि पाटाने पाणी केळीला, पानवेलीला, फुलझाडांना पोचायचं. एका मडक्याला तळाशी भोक असलं तरी बाकीची काम निभावून न्यायची. पंप आला आणि रहाट गेला. रहाट जरुरीपुरतंच उपसायचा, पंपाला थांबणं ठाऊक नाही. समुद्र जवळ असलेल्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्याला रेटून धरतं. उपसा वाढला की खारं आत शिरतं. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं, बिल्डरांची नजर वाड्यांवर गेली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने लढा उभारला तो यासाठीच. तरी बुजवलेल्या बावखलांवर उभ्या इमारती वाटेत भेटतातच.

इंग्लंडातही वसंतात लोक घोळक्याने शेतांतून चालतात आणि दुपारी गावच्या पबात जेवतात. तिथली पायवाट हक्काची असते, नकाशावर छापलेली. त्यासाठी भांडावंही लागलं: १९३२च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउटच्या माळावर शिरलेल्या काही तरुणांना तुरुंगवास झाला. निर्मळच्या वाडीतली वाट मालकाच्या मर्जीवर चालते. 'कुणाकडे आलात?' असं विचारलं जातं, आणि 'चालायला आलोय' या उत्तरावर आधी संशय, मग बहुधा पाणी मिळतं. वीसेक जणांचा गलका झाला की हे पाणी काही मिळत नाही. जुन्या कुडाच्या जागी सिमेंटची भिंत येते तिथे तर प्रश्नही कुणी विचारत नाही, वाटच संपते. म्हणून आठ-दहा जणांपेक्षा जास्त नसावं, आणि पानाला हात लावू नये.

कळंबला सुरूच्या सावलीत पोचेपर्यंत भूक सणसणीत लागलेली असते. जेवणाचा निरोप आदल्या दिवशीच दिलेला बरा: तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, कालवण, भात. पबाची जागा इथे ताडी-माडी केंद्राची, पण तिचं वेळापत्रक झाड ठरवतं. पहाटे उतरवलेली नीरा गोड. ऊन चढलं की ती आंबू लागते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत फेसाळ, आंबूस ताडी होते. विक्री परवान्यावर, १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत. गटातले निम्मे लोक वासानेच नाक मुरडून गार बिअर मागवतात. माझं मत विचाराल तर बोंबलाबरोबर ताडीच. फक्त परत स्टेशनापर्यंत चालण्याचा बेत असेल तर तो सोडा, आणि रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा.