डेव्हरेलमध्ये करिअर करायचंय? कोर्स विकत घेण्याआधी हे वाचा

लिंक्डइनवर हल्ली 'डेव्हलपर ॲडव्होकेट' हे पद बरंच दिसतं. कॉन्फरन्सच्या स्टेजवरचे फोटो, स्टिकरने भरलेला लॅपटॉप, आज बेंगळुरू तर उद्या बर्लिन. कोडही लिहायचा आणि लोकांमध्येही राहायचं, असं काम कोणाला नको असेल? मग आपण 'डेव्हरेल कोर्स' असं सर्च करतो आणि फीडमध्ये महागड्या सर्टिफिकेटच्या जाहिराती सुरू होतात.

जरा थांबा. या क्षेत्रासाठी लागणारं बहुतेक सगळं साहित्य फुकट आहे. अडचण एवढीच की ते विखुरलेलं आहे, आणि कुठून सुरुवात करायची ते कोणी सांगत नाही. तेच इथे बघू.

डेव्हरेल म्हणजे नक्की काय?

डेव्हरेल म्हणजे डेव्हलपर रिलेशन्स. काही कंपन्यांचं प्रॉडक्ट आपण थेट वापरत नाही, दुसरे डेव्हलपर ते त्यांच्या ॲपमध्ये जोडतात: पेमेंट, नकाशे, मेसेज, डेटाबेस. अशा कंपनीचा खरा ग्राहक डेव्हलपर असतो. त्याला प्रॉडक्ट समजावून सांगायचं आणि त्याच्या अडचणी परत कंपनीत पोचवायच्या, हे डेव्हरेलचं काम.

कल्पना जुनीच आहे. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा त्यासाठी सॉफ्टवेअर लिहा असं इतर कंपन्यांना पटवून द्यायला ॲपलने 'इव्हँजेलिस्ट' नेमले होते. गाय कावासाकी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

आजचं एक उदाहरण घ्या. रेझरपे आणि स्ट्राइप या दोन्हींच्या एपीआयमध्ये रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते. ५०० रुपये घ्यायचे असतील तर ५०००० लिहायचं. नवीन डेव्हलपर सहज ५०० लिहितो आणि ग्राहकाकडून ५ रुपयेच येतात. असा खड्डा ओळखायचा, डॉक्समध्ये तो योग्य जागी सांगायचा आणि 'इथे लोक अडकतात' हे प्रॉडक्ट टीमच्या कानावर घालायचं, हे रोजचं काम. स्टेज वर्षातून काही दिवस, बाकी दिवस हेच.

१. आधी लिहायला शिका

गुगलचे 'टेक्निकल रायटिंग वन' आणि 'टू' हे दोन्ही कोर्स फुकट आहेत आणि फोनवरही आरामात वाचता येतात. वाक्य छोटं कसं करायचं, यादी कधी द्यायची, वाचणारा कोण आहे हे कसं ठरवायचं, असं सगळं सरावासकट आहे.

त्यानंतर 'डायटॅक्सिस' वाचा. डॅनिएले प्रोचिडा यांची ही मांडणी डॉक्सचे चार प्रकार करते. आपल्या पेमेंटच्या उदाहरणात ते असे दिसतील:

- ट्युटोरियल: हात धरून पहिलं टेस्ट पेमेंट करून दाखवणं
- हाउ-टू गाइड: रिफंड कसा द्यायचा, एवढंच
- रेफरन्स: रक्कम पैशांत आणि पूर्णांकात द्या
- स्पष्टीकरण: पैशांतच का? कारण दशांश चिन्हाच्या हिशेबात कॉम्प्युटरकडून बारीक चुका होतात, पूर्णांकात होत नाहीत

हे चार प्रकार एकदा डोक्यात बसले की कुठल्याही कंपनीचे डॉक्स उघडा, कुठे काय कमी आहे ते लगेच दिसायला लागतं. 'राइट द डॉक्स' या २०१३ मध्ये सुरू झालेल्या समूहाची फुकट गाइडही जोडीला ठेवा.

२. मग बोलायला

'डेव्हरेलकॉन' ही याच पेशातल्या लोकांची कॉन्फरन्स, २०१५ पासूनची. तिथली बरीच भाषणं यूट्यूबवर आहेत. बसमध्ये, ट्रेनमध्ये ऐकायला उत्तम.

पण ऐकून बोलता येत नाही. पुण्या-मुंबईच्या आसपास असाल तर फॉस युनायटेडच्या किंवा गुगल डेव्हलपर ग्रुपच्या मीटअपला जा. पहिल्यांदा नुसते बसा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाच मिनिटांचा लायटनिंग टॉक मागा. गावाकडे असाल तर स्क्रीन रेकॉर्ड करून तीन मिनिटांचा डेमो बनवा. मराठीत केलात तरी चालेल, समजावण्याची कला तीच आहे. मात्र नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीतलं काम बघतात, त्यामुळे तोच विषय इंग्रजीतही लिहून ठेवा.

३. कंपनीला फायदा काय, हे समजून घ्या

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि तोच महागात पडतो. २०२२-२३ च्या नोकरकपातीत डेव्हरेलच्या टीमनाही चांगलाच फटका बसला. 'तुमच्या कामाने नेमकं काय झालं?' या प्रश्नाला 'इतके फॉलोअर वाढले' हे उत्तर पुरत नाही.

यासाठी दोन पुस्तकं आहेत. मेरी थेंगवॉल यांचं 'द बिझनेस व्हॅल्यू ऑफ डेव्हलपर रिलेशन्स' (२०१८) आणि कॅरोलाइन ल्यूको व जेम्स पार्टन यांचं 'डेव्हलपर रिलेशन्स' (२०२१). ही विकतची आहेत, पहिल्या महिन्यात घ्यायची गरज नाही. ख्रिश्चन हाइलमान यांचं डेव्हलपर इव्हँजेलिझमवरचं हँडबुक ऑनलाइन फुकट आहे. त्यातली काही साधनं जुनी झालीत, सल्ला नाही.

फिल लेगेटर यांची सात पायऱ्यांची मांडणीही बघून ठेवा: लोकांना प्रॉडक्ट माहीत होणं, त्यांनी साइन-अप करणं, पहिल्यांदा ते नीट चालवणं, टिकून राहणं, त्यातून कमाई होणं, त्यांनी दुसऱ्याला सुचवणं आणि त्यांच्या फीडबॅकमधून प्रॉडक्ट सुधारणं. तुमचा प्रत्येक लेख किंवा टॉक यातल्या कुठल्या पायरीसाठी आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

रिसोर्स चांगला की टाकाऊ, कसं ओळखायचं?

तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने हे काम स्वतः केलंय का, आणि त्याचे डॉक्स, कोड किंवा टॉक कुठे बघायला मिळतात का? माहिती कधीची आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे संपल्यावर माझ्या हातात दाखवण्यासारखं काही तयार होईल, की फक्त सर्टिफिकेट? तिसऱ्याचं उत्तर 'फक्त सर्टिफिकेट' असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

नोकरीचं वास्तव

फ्रेशरसाठी थेट डेव्हरेलच्या जागा कमी असतात. कारण साधं आहे. ज्याने स्वतः सॉफ्टवेअर बनवलेलं नाही, त्याच्यावर डेव्हलपर विश्वास ठेवत नाहीत. म्हणून बरेच जण आधी डेव्हलपर, सपोर्ट इंजिनिअर किंवा टेक्निकल रायटर म्हणून काम करतात आणि मग इकडे येतात. सपोर्टची नोकरी मिळाली तर ती कमी लेखू नका. लोक कुठे अडकतात हे तिथे रोज, पगार घेऊन शिकायला मिळतं.

पहिले चार आठवडे

- आठवडा १: गुगलचा पहिला कोर्स आणि डायटॅक्सिस पूर्ण करा.
- आठवडा २: एक एपीआय निवडा. साइन-अपपासून पहिलं उत्तर मिळेपर्यंत घड्याळ लावा. कुठे अडलात, किती वेळ गेला, सगळं लिहून ठेवा. यासाठी लॅपटॉप लागेल. स्वतःचा नसेल तर कॉलेजची लॅब चालेल.
- आठवडा ३: त्याच नोंदींवरून ट्युटोरियल लिहा. एका मित्राला शेजारी बसवून ते करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे थांबेल, तिथे तुमचं लिखाण कमी पडलंय.
- आठवडा ४: एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या डॉक्समध्ये एक सुधारणा पाठवा. वेब डेव्हलपर वापरतात ते एमडीएन २०२० च्या शेवटापासून गिटहबवर आहे, त्यात कोणीही बदल सुचवू शकतं. छोटा बदल फोनच्या ब्राउझरमधूनही होतो. आधी प्रोजेक्टचे नियम वाचा, आणि नुसतं नाव झळकावं म्हणून स्वल्पविराम हलवू नका.

महिन्याअखेर तुमच्याकडे अडचणींची नोंद, तपासून घेतलेलं ट्युटोरियल आणि एक पुल रिक्वेस्ट असेल. पुढच्या वेळी कोणी 'डेव्हरेलमध्ये काय केलंय?' असं विचारलं, की या तीन लिंक पाठवा. आणि हे करताना कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, एकही रुपया न घालवता.