कुणाला जिंकवलं, आणि का?

टीव्हीवरच्या व्यावसायिक रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे सामना सुरू होण्याआधीच ठरलेले असते. ते ठरवणाऱ्याला या धंद्यात ‘बुकर’ म्हणतात आणि त्याच्या कामाला ‘बुकिंग’. कोण कोणाशी भिडणार, त्यांच्यात वैर कशावरून पेटणार, ते किती महिने चालणार, पट्टा कोणाच्या कमरेला जाणार, हे सगळे बुकिंगमध्ये येते. मल्लाकडे उरते ते रिंगमधले काम: घाव बसल्यासारखा दिसला पाहिजे, पण समोरच्याला इजा होता कामा नये. अंग खरेच आपटते, मान आणि गुडघे खरेच झिजतात. ठरलेला असतो तो फक्त निकाल.

आपल्याकडे लाल मातीतल्या लुटुपुटीच्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. ते योग्यच आहे, कारण आखाड्याने प्रेक्षकाला निकाली कुस्तीचे वचन दिलेले असते. रेसलिंगने हे वचन कधीच मागे घेतले आहे. १९८९ साली व्हिन्स मॅकमहन यांच्या ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ने, म्हणजे आजच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ने, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा प्रकार खेळ नसून मनोरंजन असल्याची कबुली दिली. क्रीडा नियामकांची देखरेख आणि प्रक्षेपणावरचा कर टळावा, हा त्यामागचा व्यवहार होता. तेव्हापासून ‘हे खोटे असते’ हा आक्षेप जाणत्या चाहत्याच्या लेखी निरर्थक ठरला. कोकणात दशावतार पाहायला बसलेल्या माणसाला राक्षस मरणार हे ठाऊक असते. तो पहाटेपर्यंत बसतो तो संवादांची जुगलबंदी आणि युद्धनृत्य पाहायला, आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून त्याचीच चिकित्सा करतो. रेसलिंगच्या चाहत्याचे नाते साधारण याच जातीचे आहे.

क्रिकेटमध्ये संघ हरला तर खेळपट्टी, नाणेफेक, सुटलेला झेल अशी कारणे असतात. रेसलिंगमध्ये आवडता मल्ल पडला तर जबाबदार एकच, त्याला पाडायचे ठरवणारा. ‘कोण जिंकले’ या प्रश्नाची जागा ‘त्याला का जिंकवले’ हा प्रश्न घेतो, आणि तिथे चाहता नकळत समीक्षक होतो.

या समीक्षेची परिभाषा धंद्यातूनच आली आहे. नायक म्हणजे ‘बेबीफेस’ किंवा नुसता ‘फेस’, खलनायक म्हणजे ‘हील’. एकाचा दुसरा झाला की तो ‘टर्न’. माइकवरचे भाषण म्हणजे ‘प्रोमो’. कंपनी एखाद्याला वर आणू लागली की त्याला ‘पुश’ मिळाला. हे सारे खरे असल्याचा आव सांभाळण्याच्या जुन्या शिस्तीला ‘केफेब’ म्हणत. सामन्याचा निर्णय लागल्यासारखा वाटावा आणि लगेच नियमावर बोट ठेवून फिरवला जावा, अशा शेवटाला ‘डस्टी फिनिश’ हे नाव आहे. ऐंशीच्या दशकातले नावाजलेले मल्ल आणि बुकर डस्टी रोड्स यांनी ही युक्ती इतकी वापरली की ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

उत्तम काम कशाला म्हणायचे, हा वाद एका रात्रीच्या उदाहरणातून चांगला समजतो. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधल्या पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये मॅकमहन यांच्या कंपनीचा तिसरा ‘रेसलमेनिया’ हा कार्यक्रम झाला. त्यात रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांचा सामना होता. सॅव्हेज हा तयारीच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. दोघांनी प्रत्येक हालचाल आधी बसवून, पाठ करून घेतली होती. वेग, डाव-प्रतिडाव, हुकलेल्या मोजण्या या सगळ्यांत तो सामना पुढच्या पिढ्यांच्या मल्लांसाठी पाठ्यपुस्तक झाला. त्याच रात्रीचा मुख्य सामना हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांचा. आंद्रेची पाठ तोवर निकामी होत आली होती आणि त्याला धड हलताही येत नव्हते. सामना संथ आणि ओबडधोबड झाला. पण होगनने त्या अजस्र देहाला उचलून आपटले तो क्षण रेसलिंगच्या इतिहासातले सर्वांत ओळखीचे दृश्य ठरला. आंद्रे पंधरा वर्षे हरलेला नाही, हे कंपनीचे सांगणे खरे नव्हते आणि होगनने त्याला पूर्वीही आपटलेले होते. तरीही स्टेडियममधल्या प्रेक्षकांसाठी त्या क्षणी ते सारे पहिल्यांदाच घडत होते.

‘रेसलिंग ऑब्झर्व्हर न्यूजलेटर’ चालवणारे पत्रकार डेव्ह मेल्त्झर सामन्यांना तारे देतात. सॅव्हेज-स्टीमबोट सामन्याला त्यांनी साडेचार तारे दिले आणि होगन-आंद्रेला शून्याच्याही खाली ढकलले. मेल्त्झर यांचे तारे हे चाहत्यांच्या भांडणातले कायमचे हत्यार आहे. मूळ मोजपट्टी पाच ताऱ्यांची. पण टोकियो डोममध्ये ४ जानेवारी २०१७ रोजी झालेल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्या लढतीला त्यांनी सहा तारे दिले आणि पुढच्या वर्षी त्याच जोडीला सात. तारे मोजणाऱ्यांच्या मते अंगमेहनत, वेग आणि रचना हीच कलेची कसोटी. दुसरा पक्ष म्हणतो की लोकांना श्वास रोखायला लावला तर डाव तीनच असले तरी चालतील. या वादात दुसऱ्या पक्षाची बाजू जास्त भक्कम वाटते, कारण कसरत तर सर्कशीतही असते. रेसलिंगचे वेगळेपण त्या कसरतीला मिळालेल्या अर्थात आहे.

दोन्ही पक्षांचे ज्यावर सहसा एकमत होते तो सामना २३ मार्च १९९७ चा, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. हार्ट नायक, ऑस्टिन खलनायक. शेवटी ऑस्टिन हार्टच्या पकडीत अडकला, कपाळातले रक्त चेहऱ्यावर ओघळले, पण त्याने हार मानली नाही. तो बेशुद्ध पडला तेव्हा पंचाने सामना थांबवला. हार्ट जिंकला आणि नंतरही पडलेल्या माणसाला मारत राहिला. लोक उठले ते लंगडत, कोणाचाही आधार न घेता बाहेर जाणाऱ्या ऑस्टिनसाठी. एकाच सामन्यात खल नायक झाला आणि नायक खल, आणि त्यासाठी एका शब्दाचे भाषण लागले नाही.

लेखन बिघडले की काय होते याची सर्वांत मोठी शोकांतिका म्हणजे टेड टर्नर यांच्या वाहिनीवरची प्रतिस्पर्धी कंपनी, ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’. सप्टेंबर १९९५ पासून तिचा ‘नायट्रो’ दर सोमवारी मॅकमहन यांच्या ‘रॉ’समोर उभा राहिला. ७ जुलै १९९६ रोजी अमेरिकेचा लाडका नायक होगन खलनायक झाला, ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही टोळी जन्मली आणि ‘नायट्रो’ने सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत ‘रॉ’ला मागे टाकले. या टोळीविरुद्ध उभा राहिला स्टिंग. पांढराकाळा चेहरा रंगवून तो सभागृहाच्या छताशी उभा राहायचा आणि खाली पाहायचा. वर्षभराहून अधिक काळ तो एकही सामना लढला नाही, जवळजवळ बोललाही नाही. इतकी धीराने रचलेली कथा टीव्ही रेसलिंगमध्ये क्वचितच झाली असेल.

२८ डिसेंबर १९९७ च्या सामन्यात टोळीशी हिशेब चुकता व्हायचा होता. स्टिंग चीत असताना टोळीला फितूर पंच घाईने तीन मोजणार, त्या अन्यायाविरुद्ध ब्रेट हार्ट धावून येणार आणि सामना पुन्हा सुरू होऊन स्टिंग जिंकणार, अशी योजना. प्रत्यक्षात पंचाने नेहमीच्याच गतीने तीन मोजले. म्हणजे स्टिंग सरळ सरळ हरला होता, आणि पुढचा गोंधळ पाहणाऱ्याला कळेना की अन्याय नेमका झाला कुठे. पट्टा स्टिंगला मिळाला, पण वर्षभराची तहान भागली नाही. त्या मोजणीमागे कोण होते यावर आजही वाद होतात. चाहते हा प्रसंग इतका धरून बसतात याचे कारण साधे आहे: त्यांनी वर्षभराचा विश्वास गुंतवला होता.

त्यानंतर ४ जानेवारी १९९९ रोजी अटलांटात जगज्जेतेपदाच्या सामन्यात होगनने केव्हिन नॅशच्या छातीवर एक बोट टेकवले, नॅश आडवा पडला आणि पट्टा होगनकडे गेला. त्याच रात्री ‘नायट्रो’च्या समालोचकाने वरून आलेल्या आदेशानुसार ‘रॉ’च्या आधीच चित्रित झालेल्या भागाचा निकाल फोडला: मिक फोली, म्हणजे मॅनकाइंड, विजेता होणार. लोकांनी पाहणे सोडावे हा हेतू, झाले उलटे. वर्षानुवर्षे अंग मोडून घेणाऱ्या फोलीचे भाग्य उजळताना पाहायला मोठ्या संख्येने प्रेक्षक ‘रॉ’कडे वळले. पुढे एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट या चित्रपट अभिनेत्याला जगज्जेता केले गेले. आर्केट स्वतः रेसलिंगचा चाहता. त्याला ही कल्पना पटली नव्हती, आणि त्यातून मिळालेले पैसे त्याने मृत आणि अपंग झालेल्या मल्लांच्या कुटुंबांना दिले. २६ मार्च २००१ रोजी शेवटचा ‘नायट्रो’ झाला आणि कंपनी मॅकमहन यांच्या हाती गेली. हा शेवट केवळ वाईट लेखनाने ओढवला असे म्हणणे मात्र अपुरे आहे. मालकी बदलल्यावर वाहिन्यांच्या नव्या अधिकाऱ्यांना रेसलिंग नकोच होते, आणि हा घावही तितकाच जिव्हारी होता.

प्रतिस्पर्धी संपल्यावर लेखनाची पद्धतही बदलली. १९९६ साली ऑस्टिनला ‘किंग ऑफ द रिंग’ ही स्पर्धा जिंकल्यावर जे भाषण सुचले ते आयत्या वेळचे होते आणि त्यावर त्याची कारकीर्द उभी राहिली. पुढे टीव्ही मालिकांचे लेखक आले आणि प्रोमो शब्दन् शब्द लिहून मिळू लागले. २०१९ मध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ सोडल्यावर जॉन मॉक्सली या मल्लाने, आपल्याला न पटणारी वाक्ये कशी म्हणावी लागत, हे जाहीरपणे सांगितले. शिवाय २०१२ मध्ये ‘रॉ’ तीन तासांचा झाला. या कथेला ना सुट्टी, ना हंगामाचा शेवट. दर आठवड्याला तास भरायचे तर तेच दोघे पुन्हा पुन्हा भिडणार. मॉक्सली बाहेर पडला त्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१९ पासून टोनी खान यांच्या ‘ऑल एलिट रेसलिंग’ने मल्लांना स्वतःचे शब्द परत दिले. तिथली तक्रार वेगळी आहे: सामने अप्रतिम, पण अनेक कथा सुरू होतात आणि मध्येच विरून जातात.

कादंबरीचा वाचक लेखकाला हस्तलिखित बदलायला लावू शकत नाही. रेसलिंगचा प्रेक्षक लावतो. डॅनियल ब्रायन हा उंचीने कमी, छोट्या सभागृहांतून वर आलेला निष्णात मल्ल. एप्रिल २०१२ च्या ‘रेसलमेनिया’त त्याला १८ सेकंदांत हरवले गेले, आणि दुसऱ्याच रात्री सभागृह त्याची ‘येस! येस!’ ही आरोळी ठोकत राहिले. २६ जानेवारी २०१४ रोजी पिट्सबर्गमध्ये ‘रॉयल रंबल’ या ३० जणांच्या लढतीत तो येईल या आशेवर लोक होते. तिसाव्या क्रमांकावर आला रे मिस्टीरिओ. एरवी सर्वांच्या लाडक्या मिस्टीरिओची लोकांनी हुर्यो उडवली, विजेत्या बटिस्टाचीही. त्यानंतर ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये एकाच रात्री ब्रायनने आधी ट्रिपल एच या मल्लाला आणि मग रँडी ऑर्टन आणि बटिस्टा या दोघांना हरवून पट्टा घेतला. ब्रायनला ‘रंबल’मधून वगळणे हा कथेचाच भाग होता, असे काही जण मानतात. पिट्सबर्गचा आवाज ऐकला तर ते पटणे कठीण आहे.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. डस्टी रोड्सच्या मुलाला, कोडीला, बापाला कधीच न मिळालेला पट्टा जिंकायचा होता. ‘रॉयल रंबल’ जिंकूनही २ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची जागा ‘द रॉक’ हा मल्ल घेणार असे दिसले. चाहते खवळले, आठवड्याभरात रॉक खलनायक झाला, आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने विजेत्या रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सत्ता संपवली.

भारतात, महाराष्ट्रातही, मल्लांवरून होणाऱ्या वादाची पहिली शाळा नव्वदच्या दशकातली ट्रम्प कार्डे होती. उंची, वजन, छाती, दंड आणि रँक यांवर शाळकरी मुले मल्लांचे मोल ठरवत. २००७ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे ग्रेट खली, ‘वर्ल्ड हेवीवेट’ विजेता झाला तेव्हा समीक्षक त्याच्या संथपणावर नाराज होते, इथे मात्र आनंदाला पारावार नव्हता. मे २०१७ मध्ये महिन्यापूर्वीपर्यंत सतत हरणाऱ्या जिंदर महाल या पंजाबी वंशाच्या कॅनेडियन मल्लाला विजेतेपद दिले गेले. भारताची बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून हे केले, असा आरोप झाला. पण नोव्हेंबरात पट्टा काढून घेतला आणि डिसेंबरात दिल्लीत, त्याला घरचा मानणाऱ्या प्रेक्षकांसमोर, ट्रिपल एचने त्याला हरवले. बाजारपेठेसाठीच आणलेल्या माणसाचा त्याच बाजारपेठेत पराभव दाखवणे, हे कोणत्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही.

अलीकडचा मोठा वाद जॉन सीनाचा. दोन दशके खलनायक न झालेला सीना १ मार्च २०२५ रोजी टोरोंटोत झाला. रॉकने कोडीकडे त्याचा ‘आत्मा’ मागितला, कोडीने नकार दिला आणि सीनाने त्याला मिठी मारून मग घाव घातला. त्या दृश्याला तोड नव्हती. २० एप्रिलला लास व्हेगासमध्ये सीनाने ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरच्या मदतीने कोडीला हरवून विक्रमी सतरावे जगज्जेतेपद मिळवले. रॉक तिथे फिरकलाही नाही. ऑगस्टमध्ये सीना पुन्हा नायक झाला आणि कोडीकडून हरला. ऑगस्टच्या त्या सामन्याची एक बाजू मनापासून स्तुती करते. दुसरी बाजू अजून टोरोंटोतच अडकली आहे: रॉकला कोडीचा आत्मा कशासाठी हवा होता, हे सीनाच्या कथेत शेवटपर्यंत सांगितले गेले नाही.