मन्स्टर, २०२० : टिपररीचे विजेतेपद
हातापायांनी चेंडू खेळवण्याचा गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा हौशी खेळ असून, दक्षिणेकडील मन्स्टर प्रांताची एरवी उन्हाळ्याच्या सुमारास होणारी अजिंक्यपद स्पर्धा २०२० मध्ये कोविडमुळे ऑक्टोबरअखेरीपासून, निव्वळ बाद पद्धतीने, म्हणजे पराभूत संघाला दुसरी संधी न देता, भरवण्यात आली. प्रांतातील परगण्यांच्या संघांपैकी बलाढ्य केरी उपान्त्य फेरीत कॉर्ककडून हरून बाहेर पडला आणि २२ नोव्हेंबरला टिपररीने कॉर्कला १७-१४ असे नमवून १९३५ नंतर प्रथमच प्रांतिक विजेतेपद पटकावले. या यशाचे मोल गुणफलकाहून मोठे होते, कारण आदल्याच दिवशी ‘रक्तरंजित रविवारा’ची, म्हणजे डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्रिटिश दलांनी सामन्यादरम्यान केलेल्या गोळीबाराची, शताब्दी झाली होती. त्या गोळीबारात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मारला गेला होता. त्याच्या स्मरणार्थ संघ हिरव्या-पांढऱ्या गणवेशात उतरला होता.