फुलांमागचे लोखंड
मुंबई महापालिका भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे पुष्पप्रदर्शन भरवते, त्यात फुलांनी मढवलेल्या प्रतिकृतींभोवती गर्दी उसळते. त्यांना उभे धरणारा लोखंडी सांगाडा मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो. मूळचे ब्रह्मदेशचे उर्वशीचे झाड याच बागेत असून त्याचे लोंबते लाल-पिवळे घोस पाहिल्यावर कुंडीतला पिटुनिया फिकाच वाटतो. प्रदर्शनातला सांगाडा तात्पुरता; पण धातुशिल्प कायम उघड्यावर ठेवायचे, तर माळशेज घाटाच्या वाटेवरील वैशाखरे गावात पावसाचा विचार आधी करावा लागेल, कारण ‘कॉर्टेन’ या तांबे-क्रोमियममिश्रित पोलादाला गंजाचाच घट्ट थर वाचवत असला, तरी तो धरण्यासाठी पृष्ठभाग अधूनमधून सुकावा लागतो. संततधारेत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडच बरे, आणि शेजारी साधारण ७ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी.