लेडोचा रस्ता : युद्धकालीन रसद, सत्तास्पर्धा आणि भारतीय साहित्य

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात रणभूमीला जितके महत्त्व दिले जाते, तितके रणभूमीपर्यंत जाणाऱ्या वाटांना दिले जात नाही. सैन्य पोटावर चालते ही उक्ती सर्वांच्या परिचयाची आहे; परंतु ते पोट कोणत्या वाटेने भरले जाते, ती वाट कोणाच्या श्रमांनी तयार होते आणि तिच्यासाठी कोणाच्या तोंडचा घास काढला जातो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. १९४२ ते १९४५ या काळात ईशान्य भारतातून चीनकडे नेण्यात आलेला रसदमार्ग हे या प्रश्नांच्या विवेचनासाठी एक उत्तम उदाहरण होय. विशेष म्हणजे या मार्गाच्या परिसरातील मानवी अनुभव पुढे अनेक भारतीय भाषांच्या साहित्यात उतरला. मात्र प्रत्येक भाषेत त्याचा एकेकच तुकडा आलेला असल्याने त्याचे समग्र रूप क्वचितच दृष्टीस पडते.

प्रथम या मार्गाची पार्श्वभूमी पाहू. १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले आणि अल्पावधीतच चीनची महत्त्वाची बंदरे आपल्या ताब्यात घेतली. समुद्राचा मार्ग बंद झाल्यावर च्यांग कै-शेक यांच्या सरकारला बाहेरून शस्त्रे आणि इंधन मिळविण्यासाठी दक्षिणेकडील डोंगरी वाट शोधावी लागली. ब्रह्मदेशातील लाशिओपासून चीनमधील कुनमिंगपर्यंतचा सुमारे १,१५४ किलोमीटरांचा ब्रह्मदेश मार्ग १९३७-३८ मध्ये सुमारे दोन लाख चिनी मजुरांनी बांधला. तरुण पुरुष सैन्यात गेलेले असल्याने या मजुरांत स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांचे प्रमाण मोठे होते. रंगून बंदरात उतरलेला माल रेल्वेने लाशिओपर्यंत आणि तेथून मालमोटारींनी कुनमिंगला जाऊ लागला.

रसदमार्ग म्हणजे केवळ रस्ता नव्हे. तो एक राजकीय करारही असतो, याचा प्रत्यय लवकरच आला. जुलै १९४० मध्ये फ्रान्सच्या पाडावानंतर एकाकी पडलेल्या ब्रिटनने जपानच्या दडपणामुळे हा मार्ग तीन महिन्यांसाठी बंद केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा खुला केला. हजारो मजुरांनी डोंगर फोडून केलेली वाट लंडनमधील एका निर्णयाने मिटू शकते, हा धडा चीनला त्या वेळी मिळाला. पुढे मार्च १९४२ मध्ये रंगून आणि एप्रिलच्या अखेरीस लाशिओ जपानच्या हाती गेल्यावर हा मार्ग पूर्णपणे तुटला.

आता दोस्त राष्ट्रांपुढे चीनला रसद पोहोचविण्याचे दोनच उपाय उरले. पहिला उपाय हवाई मार्गाचा होता. आसाममधील चाबुआ, दिनजान, सुकेरेटिंग, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर इत्यादी ठिकाणच्या धावपट्ट्यांवरून उडालेली अमेरिकन विमाने पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून कुनमिंगला उतरत. वैमानिकांनी या डोंगररांगांना ‘हंप’, म्हणजे वशिंड, असे नाव दिले होते. युद्धकाळात या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल नेण्यात आला. त्याची किंमतही भारी होती : सुमारे ६०० विमाने आणि दीड हजारांहून अधिक माणसे या मार्गावर नाहीशी झाली.

दुसरा उपाय नवा रस्ता बांधण्याचा होता. डिसेंबर १९४२ मध्ये आसामच्या पूर्व टोकाच्या लेडो या कोळशाच्या खाणींच्या गावापासून अमेरिकन अभियंत्यांनी कामास प्रारंभ केला. पांगसाऊ खिंड ओलांडून हुकॉंगच्या दलदलीच्या, हिवतापग्रस्त खोऱ्यातून हा रस्ता मिचिनाकडे आणि पुढे जुन्या ब्रह्मदेश मार्गाला जोडावयाचा होता. या कामावर सुमारे १५,००० अमेरिकन सैनिक होते. त्यांपैकी साठ टक्के कृष्णवर्णीय होते. लोकशाहीच्या रक्षणासाठी लढणाऱ्या सेनेतच वर्णभेदानुसार वेगळ्या पलटणी होत्या आणि कष्टाचे काम मुख्यतः कृष्णवर्णीय पलटणींच्या वाट्यास येत होते. त्यांच्याबरोबर सुमारे ३५,००० स्थानिक मजूर राबले. चहामळ्यांतील मजूर मळेवाल्यांच्या संघटनेमार्फत या कामावर पाठविले गेले. या बांधकामात सुमारे १,१०० अमेरिकनांना मृत्यू आला. त्यांची मोजदाद झाली, तशी स्थानिक मजुरांची झाली नाही.

याच पांगसाऊ खिंडीतून काही महिन्यांपूर्वी, १९४२ च्या पावसाळ्यात, ब्रह्मदेशातील भारतीय निर्वासितांचे तांडे उलट दिशेने आले होते. ब्रह्मदेश सोडून सुमारे पाच लाख भारतीय निघाले आणि त्यांतील हजारो वाटेतच चिखलात, उपासमारीने व रोगांनी मेले. ज्या वाटेवरून माणसांना जिवंत आणण्यासाठी पुरेशी साधने मिळाली नव्हती, त्याच वाटेवर पुढे तोफा नेण्यासाठी यंत्रे, पैसा आणि माणसे उपलब्ध झाली. सत्तेची निकड कशासाठी असते, हे यावरून उघड होते.

या मार्गामागे एकच हेतू होता असे समजणे चुकीचे ठरेल. अमेरिकेला चीन युद्धात टिकवून धरावयाचा होता, कारण चीनमध्ये गुंतलेले लक्षावधी जपानी सैन्य पॅसिफिक महासागरात मोकळे होऊ नये आणि चीनच्या भूमीवरून जपानवर बाँबहल्ले करता यावेत, अशी तिची अपेक्षा होती. ब्रिटनला ब्रह्मदेश, मलाया आणि सिंगापूर परत मिळवावयाचे होते. त्या दृष्टीने सागरी मोहीम अधिक सोयीची होती आणि लेडोच्या रस्त्याविषयी चर्चिल उघडपणे साशंक होते. तो पूर्ण होईपर्यंत त्याची गरजच उरणार नाही, असे त्यांचे मत होते. च्यांग कै-शेक यांना शस्त्रे हवी होती. परंतु त्यांची नजर जपानइतकीच उत्तरेकडील कम्युनिस्टांवरही होती. अमेरिकन सेनापती स्टिलवेल आणि च्यांग यांच्यातील संघर्ष इतका विकोपास गेला की, ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टिलवेल यांना परत बोलावण्यात आले. पुढे याच रस्त्याला च्यांग यांनी स्टिलवेल यांचे नाव दिले! एकाच वाटेवरून चालणाऱ्या मित्रराष्ट्रांची मुक्कामाची ठिकाणे अशी वेगवेगळी होती.

जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून पहिला तांडा निघाला आणि ४ फेब्रुवारी रोजी कुनमिंगला पोहोचला. लेडो ते कुनमिंग हे अंतर १,७३६ किलोमीटर असून त्यांपैकी केवळ ६१ किलोमीटर भारतात होते. युद्ध संपण्यापूर्वीच्या शेवटच्या पूर्ण महिन्यात, म्हणजे जुलै १९४५ मध्ये, हवाई मार्गाने सुमारे ७१,००० टन माल गेला. रस्त्याने गेला तो सुमारे ६,००० टन. चर्चिल यांची शंका आकड्यांनी बव्हंशी खरी ठरविली.

रसदमार्गाचा प्रारंभ लेडोला होतो असे नकाशा सांगतो; वस्तुतः तो कलकत्त्याच्या गोदीत होतो. तेथून आसामपर्यंतची रेल्वे मुख्यतः चहाच्या वाहतुकीसाठी बांधलेली होती. वाटेत रुळांची रुंदी बदलत असे आणि ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता. तो १९६२ मध्ये सराईघाट येथे झाला. डबे नावांतून पलीकडे न्यावे लागत. १ मार्च १९४४ पासून कटिहार ते लेडो या सुमारे १,३०० किलोमीटरांच्या लोहमार्गाचे संचालन अमेरिकन लष्कराच्या रेल्वे पथकांकडे देण्यात आले. परकीय सत्तेच्या अमलाखालील देशात दुसऱ्या परकीय सत्तेचे तळ आणि तिच्या गाड्या असे दुहेरी चित्र निर्माण झाले. बंगालमधील खरगपूरजवळच्या हिजली येथे राजबंद्यांची छावणी होती आणि १९३१ मध्ये तेथील गोळीबारात दोन बंदी मारले गेले होते. तिची इमारत पुढे अमेरिकन बाँबफेकी दलाचे मुख्यालय झाली आणि १९५१ मध्ये तेथेच तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. एकाच इमारतीच्या भिंतींनी वीस वर्षांत तीन राजवटींच्या गरजा पाहिल्या.

याच लोहमार्गाच्या निमित्ताने असमिया साहित्याचा विचार करावा लागतो. वीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची ‘मृत्युंजय’ (१९७०) ही कादंबरी मराठी वाचकाला शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या कादंबरीशी असलेल्या नामसाम्यामुळे चटकन लक्षात राहते. पण तिचा नायक कर्ण नव्हे. १९४२ च्या चळवळीतील काही माणसे लष्करी गाडी रुळांवरून पाडण्याचा कट करतात, हे तिचे कथानक होय. गाडी सैनिकांची आहे. परंतु सैनिकही माणसेच आहेत. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या, वैष्णव संस्कारांत वाढलेल्या गोसाईंना हे कृत्य करताना जी अंतर्गत यातना होते, ती या कादंबरीचा गाभा आहे. युद्धशास्त्राच्या दृष्टीने तो लोहमार्ग रसदीची वाहिनी होता. गोसाईंच्या दृष्टीने तो गुलामीचा मार्ग होता. तरीही तो उखडताना हात थरथरतो. १९७९ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने ही कृती अखिल भारतीय वाचकांपुढे आली.

या कथेच्या मागे एक कठोर वास्तव उभे आहे. १० ऑक्टोबर १९४२ रोजी सरुपथार येथे, म्हणजे लेडोकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर, लष्करी गाडी घसरविण्यात आली. या प्रकरणी गोलाघाटचे काँग्रेस नेते कुशल कोंवर यांना १५ जून १९४३ रोजी जोरहाट तुरुंगात फाशी देण्यात आले. ते गांधीवादी होते आणि त्या कृत्यात त्यांचा हात नव्हता, असे आसामात सर्वत्र मानले जाते. ज्या जोरहाटच्या धावपट्टीवरून चीनच्या स्वातंत्र्यासाठी विमाने उडत होती, त्याच जोरहाटमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची मागणी करणारा माणूस फासावर गेला. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या अमलाखाली घडत होत्या, हे विसरता येत नाही.

भट्टाचार्यांचीच ‘इयारुइंगम’ (१९६०) ही कादंबरी मणिपूरच्या उखरुल भागातील तांगखुल नागा समाजाचे युद्धोत्तर जीवन रंगविते. जपानी सैन्य आले आणि गेले. मागे राहिली ती शारेंगलासारखी स्त्री. जपानी सैनिकाने तिच्या जीवनाची वाताहत केली आणि आता स्वतःचाच समाज तिला स्वीकारण्यास कचरतो. तळ हलतात, सेना परततात. परंतु त्यांनी गावात पाडलेली भेग बुजत नाही. येथे मराठीचा एक खराखुरा दुवा आहे. मार्च १९४४ मध्ये उखरुलजवळच्या सांगशाक येथे जपानी सैन्याला काही दिवस रोखून धरणाऱ्या तुकड्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. या झुंजीमुळे कोहिमाकडे जाणाऱ्या जपानी फौजेला विलंब झाला. त्या डोंगरावर मराठी शिपाई लढला; पण त्या डोंगरावर राहणाऱ्यांचे काय झाले, हे मराठी वाचकाला असमिया कादंबरीतून कळते. पलटणीचा इतिहास आणि ही कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सांगशाकची पूर्ण कथा हाती लागत नाही.

बंगालकडे वळले असता रसदीचा दुसरा अर्थ समोर येतो. ब्रह्मदेश पडल्यामुळे तेथील तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून १९४२ मध्ये किनारी बंगालमधील तांदळाचे साठे हलविण्यात आले आणि हजारो नावा जप्त वा नष्ट करण्यात आल्या. ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर उद्ध्वस्त केले. लष्करी खर्चामुळे भाव भडकले आणि सैन्य व कलकत्त्यातील युद्धोपयोगी उद्योग यांना धान्यपुरवठ्यात अग्रक्रम मिळाला. १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, हा प्रश्न केवळ धान्याच्या तुटवड्याचा नव्हता. धान्य विकत घेण्याची शक्ती ग्रामीण श्रमिकांच्या हातून निसटल्याचा होता. बिजन भट्टाचार्य यांच्या ‘नवान्न’ (१९४४) या नाटकावर मेदिनीपूरच्या या आपत्तींची छाया आहे. सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये चित्रपटरूप दिलेली बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘अशनि संकेत’ दूरचे युद्ध खेड्यात तांदळाच्या भावाच्या रूपाने कसे शिरते, ते दाखविते. रसदीच्या नोंदवहीत या मृत्यूंसाठी रकाना नव्हता. तो साहित्याने आखला.

या मार्गाचे दुसरे टोक चीनमध्ये होते. तेथेही रसद सर्वांना मिळत नव्हती. जानेवारी १९४१ नंतर च्यांग यांच्या सरकारने कम्युनिस्टांच्या भागाची कोंडी अधिक कडक केली होती आणि परदेशी मदतीचा ओघ मुख्यतः च्यांग यांच्याकडेच जात होता. या कोंडीतील प्रदेशात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काम करीत होते. १९३८ मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. अपुऱ्या औषधांनिशी, रणभूमीच्या सान्निध्यात शस्त्रक्रिया करीत कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मरण पावले. त्याच महिन्यात लेडोच्या रस्त्याचे काम सुरू झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट यांमुळे त्यांची कथा सर्वपरिचित झाली. तथापि ती बहुधा केवळ वैयक्तिक त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. ज्या ठिकाणी महासत्तांचा एकही मार्ग पोहोचत नव्हता, त्या ठिकाणी हा डॉक्टर पोहोचला होता, या दृष्टीने पाहिल्यास तिचा अर्थ अधिक विस्तृत होतो.

या विवेचनातून भारतीय साहित्याच्या अभ्यासासाठी एक पद्धत सुचते. तुलनात्मक अभ्यासात सामान्यतः भाषा, संप्रदाय, वाङ्मयप्रकार किंवा प्रभाव हे घटक आधारभूत मानले जातात. परंतु युद्धाचा अनुभव भाषेच्या सीमा पाळीत नाही. तो लोहमार्ग, धावपट्टी आणि खिंड यांच्या रेषेने पसरतो. कलकत्त्यापासून कुनमिंगपर्यंतच्या एकाच रेषेवर बंगालीतील भूक, असमियातील नैतिक द्वंद्व, तांगखुल समाजाची जखम आणि मराठी डॉक्टराची सेवा सापडतात. यांपैकी प्रत्येक कृती स्वतःच्या भाषेच्या इतिहासात वाचली जाते, तेव्हा ती स्थानिक वाटते. मार्गाच्या अनुषंगाने वाचली तर ती एका मोठ्या घटनेची साक्ष ठरते.

लष्करी इतिहासात लेडोच्या रस्त्याचा हिशेब टनांमध्ये मांडला जातो आणि त्या हिशेबात हा रस्ता बव्हंशी निष्फळ ठरतो. मात्र ज्यांनी तो बांधला, ज्यांच्या गावांतून तो गेला आणि ज्यांचे धान्य त्याच्या आधी निघून गेले, त्यांच्या दृष्टीने त्याची फलनिष्पत्ती टनांत मोजण्याजोगी नव्हती. लष्करी अहवालांनी त्यांची नावे टिपली नाहीत. कुशल कोंवरांसारखे एखादे नाव लोकस्मृतीने जपले. बाकीच्यांना गोसाई, शारेंगला अशी कल्पित नावे घेऊनच इतिहासात प्रवेश करावा लागला. ही नावे ज्या भाषांत आहेत, त्या भाषा एकमेकींना वाचतील, तेव्हाच या मार्गाचा हिशेब पुरा होईल.